विश्लेषण : गुणवत्ता मोजताना जन्ममहिन्याकडे दुर्लक्ष का नको?

नवी दिल्ली : अमेरिकी आइस हॉकीपटू ऑस्टन मॅथ्यूज याचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) २०१५ च्या ‘ड्राफ्ट’साठी १५ सप्टेंबरपर्यंत वयाची १८ वर्षे पूर्ण होणे आवश्यक होते. दोन दिवस कमी पडल्याने तो वर्षभर थांबला आणि २०१६ मध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. वयाची रेषा कुठेतरी आखावीच लागते; मात्र तिच्यामुळे अनेक खेळाडूंचे मूल्यमापनच चुकते, असे संशोधन सांगते.

‘ड्राफ्ट’मध्ये आयपीएलप्रमाणे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने तरुण खेळाडूंवर हक्क मिळवतात. त्यामुळे यादीतील क्रमांक हीच खेळाडूची किंमत ठरते.

सापेक्ष वय म्हणजे काय?

कॅनडात हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. एकाच गटातील जानेवारी आणि डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांत जवळपास वर्षाचे अंतर असते. नवव्या-दहाव्या वर्षी हे अंतर उंचीत, वजनात आणि वेगात दिसते. थोराड मुलाची निवड होते. मग त्याला चांगला प्रशिक्षक, अधिक सामने आणि सराव मिळतो. आरंभीची वाढ पुढे गुणवत्ता भासू लागते. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सले आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडाच्या हॉकीतील हा कल मांडला.

भारतात वयाचा वाद बहुधा खोट्या जन्मदाखल्यांभोवती फिरतो. येथे मात्र कोणीही वय लपवलेले नसते. तरीही अन्याय होतो.

आकडे काय सांगतात?

एनएचएलच्या १९८० ते २००६ या काळातील ‘ड्राफ्ट’चा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांच्या तुलनेत वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू, त्यांच्या पुढील कामगिरीचा विचार करता, ४० हून अधिक स्थाने मागे निवडले गेले होते. ४०० सामने किंवा २०० गुणांचा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता मात्र सुमारे दुप्पट होती. हा कल सर्वज्ञात असूनही काळानुसार कमी झाला नव्हता.

याचा अर्थ डिसेंबरमध्ये जन्मलेला प्रत्येक खेळाडू सरस असतो, असा नाही. कामगिरी समान असेल, तर वयाने लहान खेळाडूची वाढ अद्याप शिल्लक असू शकते, एवढाच त्याचा मथितार्थ.

उपाय कोणता?

नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. लहान मुलांचा फुटबॉल सामना पाहणाऱ्या प्रतिभाशोधकांना केवळ जन्मतारखा देऊन त्यांचा कल बदलला नाही. मुलांच्या पाठीवरील क्रमांकच वयाच्या क्रमाने दिल्यावर मात्र तो नाहीसा झाला. वय कागदावर असून भागत नाही; निर्णयाच्या क्षणी ते डोळ्यांसमोर असावे लागते.