महाबळेश्वरचे शेकरू

मादागास्कर बेटातील लेमूर नामक वृक्षवासी प्राण्याचे चित्र पाहून आमच्या नातवाने विचारले, “आजोबा, असे जन्मभर झाडावर राहणारे आपल्याकडे कोणीच नाही का?” महाबळेश्वरी आमच्या एका स्नेह्यांचा बंगला आहे. तेथील व्हरांड्यात त्यास बसवून आम्ही समोरच्या जांभळीकडे बोट दाखविले.

शेकरू हे कुळाने खार. परंतु अंगणातील खारीने पाहून थक्क व्हावे असा त्याचा देह. डोके व धड मिळून सुमारे सव्वा फूट, शेपूट त्याहूनही लांब व झुपकेदार, वजन दीड ते दोन किलो. पाठ तांबूस तपकिरी, पोट दुधी, शेपटीचा शेवट फिकट. फळ खाताना ते मागील पायांनी फांदी घट्ट धरते. तोंड एका बाजूस व शेपूट दुसऱ्या बाजूस लोंबते, आणि वाण्याच्या तराजूप्रमाणे तोल राहतो. फळे, बिया, फुले, कोवळी साल हा त्याचा आहार. काटक्यापानांची गोल घरटी ते एकाहून अधिक बांधते, तीही बारीक फांद्यांच्या टोकाशी. कारण तेथवर जड शत्रूचा पाय पोहोचत नाही. पिलू बहुधा एकच.

१८३१ साली साइक्स यांनी याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास एल्फिन्स्टनसाहेबांचे नाव दिले. त्याच साहेबांच्या नावाचे एक टोकही येथे आहे. प्रवासी टोक तेवढे पाहून येतात! संस्कृत कोशकारांनी ‘शाखामृग’ हा शब्द वानरास दिला, तो आमच्या मते शेकरासच अधिक शोभता. वानर मनास येईल तेव्हा भुईवर उतरते. शेकरू सहसा उतरतच नाही. वीस फुटांची झेप त्यास सहज साधते, परंतु त्यापुढे फांदीस फांदी लागली पाहिजे.

येथेच आमचा अपराध सांगितला पाहिजे. पानांनी पन्हळी तुंबतात म्हणून जांभळीची रस्त्याकडील मोठी फांदी छाटावी, असा सल्ला यजमानांस गतसाली आम्हीच दिला होता. १९७२ च्या कायद्याने शेकरास मारणे गुन्हा आहे, ते महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणीचा टापू संवेदनशील म्हणून घोषित आहे, हे सारे आम्हांस ठाऊक होते. फांदीचा आणि या गोष्टींचा संबंध मात्र सुचला नाही.

त्या सकाळी शेकरू फांदीच्या थोटकापर्यंत आले. पलीकडच्या हिरड्याकडे पाहून त्याने अंग आवळले, पुन्हा सैल सोडले. असे तीनदा झाले. मग ते मागे फिरून पानांत दिसेनासे झाले. “ते पलीकडे का गेले नाही?” असे नातवाने विचारले, तेव्हा आम्ही खरे ते सांगितले.

यजमानांनी माळ्यास आता कोयती लावू दिलेली नाही. त्यांचे परवा पत्र आले: थोटकास फुटलेले धुमारे हातभर झाले आहेत.