स्वयंचलित गिअरबॉक्समधील दाब-सेन्सरच्या बिघाडाचे निदान : मापन आणि अनुमान

प्रस्तावना :
पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. या रस्त्याने महाविद्यालयात ये-जा करणाऱ्या प्राध्यापकांना वाहतूककोंडीचे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही. वारंवार क्लच दाबण्याच्या त्रासातून सुटका व्हावी म्हणून अनेकजण स्वयंचलित गिअरची मोटार पसंत करतात. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने 'सेलेरिओ'मध्ये एएमटी प्रणाली आणली. त्यानंतर ही सोय लहान मोटारींतही उपलब्ध होत गेली. मात्र अशा मोटारीत बिघाड झाल्यास स्कॅनरवर दिसलेला कोड हाच अंतिम निर्णय मानून महागडा भाग बदलला जातो, असा अनुभव येतो. प्रस्तुत लेखात टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या गिअरबॉक्समधील दाब-सेन्सरचे उदाहरण घेऊन निदानाची शास्त्रीय पद्धत स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सेन्सरचे कार्य :
या गिअरबॉक्समध्ये इंजिनवर चालणारा पंप ऑइलला दाब देतो आणि त्या दाबाने आतील क्लच घट्ट धरले जातात. दाब कमी पडल्यास क्लच घसरतात व झिजतात. म्हणून दाबाची माहिती संगणकीय नियंत्रकाला सतत मिळणे आवश्यक असते. ही माहिती देणाऱ्या सेन्सरमध्ये सामान्यतः एक पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकला की त्यावरील रोधांचे मूल्य बदलते आणि व्हीटस्टन सेतूच्या तत्त्वानुसार व्होल्टेज मिळते. बहुतेक सेन्सरना तीन तारा असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, भू-जोडणी आणि संकेत. संकेत साधारणतः शून्य दाबाला ०.५ व्होल्ट, तर कमाल दाबाला ४.५ व्होल्ट असतो. या मर्यादेबाहेरचे मूल्य नियंत्रक अविश्वसनीय मानतो. अशा वेळी तो अनेकदा मोटार एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो व इशारा-दिवा लावतो.

कोडचा अर्थ :
या सेन्सरशी संबंधित कोड पी ०८४० ते पी ०८४४ असे आहेत. पी ०८४० हा मंडलातील सर्वसाधारण दोष, पी ०८४१ हा अपेक्षेशी न जुळणारे मूल्य, पी ०८४२ हा अतिकमी व पी ०८४३ हा अतिउच्च संकेत, तर पी ०८४४ हा अधूनमधून येणारा दोष दर्शवितो. यांपैकी एकही कोड 'सेन्सर खराब आहे' असे सांगत नाही. तो केवळ नियंत्रकापर्यंत पोहोचलेल्या संकेताविषयीचे निरीक्षण नोंदवितो. निरीक्षणापासून कारणापर्यंतचा प्रवास तपासणाऱ्यालाच करावा लागतो.

निदानाचा क्रम :
१) कोड पुसण्यापूर्वी त्यासोबत नोंदलेले तापमान, वेग इत्यादी तपशील लिहून घ्यावेत.
२) उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला ऑइलची पातळी तपासावी. ऑइल काळपट व करपट वासाचे असल्यास आतील झिजेची शक्यता लक्षात घ्यावी.
३) इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी व स्कॅनरवरील दाब वाचावा. पंप थांबलेला असल्याने दाब शून्यच असणार. तरीही स्कॅनर दाब दाखवीत असेल, तर दोष विद्युत बाजूचा आहे. (एएमटीमध्ये दाब साठवलेला असू शकतो, तेथे ही कसोटी जशीच्या तशी लावू नये.)
४) कनेक्टरमध्ये पाणी, ऑइल अथवा गंज आहे का ते पाहावे. सेन्सर जोडलेला असतानाच पुरवठा, भू-जोडणी व संकेत यांचे व्होल्टेज मोजावे.
५) शेवटी गिअरबॉक्सच्या चाचणी-छिद्राला यांत्रिक गेज जोडून त्याचे वाचन स्कॅनरशी ताडून पाहावे. काही गिअरबॉक्समध्ये दाब १० बारच्या वर जातो. म्हणून योग्य क्षमतेचा गेज वापरावा व चाकांना अडसर लावावा.

गेज आणि स्कॅनर दोन्ही दाब कमी दाखवीत असतील, तर सेन्सर खरे सांगत आहे. अशा वेळी चोंदलेला फिल्टर, झिजलेला पंप किंवा अडकलेला नियामक व्हॉल्व्ह शोधावा लागतो. गेज योग्य दाब दाखवीत असूनही स्कॅनर वेगळे वाचन देत असेल, तरच सेन्सर व त्याची वायरिंग संशयास्पद ठरते.

एक अनुभव :
गेल्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाच्या मोटारीत पी ०८४२ हा कोड आला. एका गॅरेजने संपूर्ण व्हॉल्व्ह बॉडी बदलण्याचा सल्ला दिला. या मोटारीचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरील अंगास असल्याने तपासणी शक्य होती. कनेक्टर काढून मोजले असता पुरवठा ५ व्होल्ट मिळाला. पण कनेक्टर जोडून मोजल्यावर तो ३.६ व्होल्टवर आला. इंजिन बंद असताना संकेत ०.३६ व्होल्ट होता. अशा सेन्सरचा संकेत पुरवठ्याच्या प्रमाणात असतो, म्हणून ०.५ व्होल्ट हे मूल्य त्याच प्रमाणात घटले होते. मल्टिमीटर अत्यल्प प्रवाह घेत असल्याने गंजलेल्या पिनमधील रोध पहिल्या मापनात लपून राहिला. सेन्सरचा प्रवाह वाहू लागताच ओहमच्या नियमानुसार तो उघड झाला. पिन बदलून कनेक्टर जलरोधक केल्यावर दोष नाहीसा झाला. व्हॉल्व्ह बॉडी निर्दोष होती.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, कोड हा निदानाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. स्वल्प खर्चाची तपासणी आधी आणि भाग बदलणे सर्वांत शेवटी, हा क्रम पाळल्यास ग्राहकाचा खर्च वाचतो व चांगले भाग भंगारात जात नाहीत. एका साधनाचे वाचन दुसऱ्या स्वतंत्र साधनाने पडताळावे, हा धडा आपण प्रयोगशाळेत दरवर्षी शिकवितो. पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात असा एखादा जुना सेन्सर ठेवल्यास व्हीटस्टन सेतू आणि ओहमचा नियम विद्यार्थ्यांना त्यांच्या रोजच्या रस्त्यावर भेटतील.