क्लच प्लेट खरंच गेलीय का? पैसे मोजण्याआधी हे बघून घ्या



धंद्यासाठी जुनी गाडी घ्यावी का, यावरच्या व्हिडिओत मी क्लचबद्दल दोनच वाक्यं बोललो आणि पुढे गेलो. तो विषय दोन वाक्यांचा नव्हता. कारण जुन्या डिलिव्हरी गाडीत मालकाला सर्वात जास्त गंडवणारी गोष्ट कुठली असेल तर ती क्लच. गाडी ओढत नाही म्हटलं की ऐकायला मिळतं, "साहेब, क्लच प्लेट गेली." कधी खरंच गेलेली असते. कधी नुसता एक नट फिरवायचा असतो. आणि कधी प्लेट गेलेली असते, पण ती का गेली हे कुणी बघत नाही. हे तिसरं माझ्या बाबतीत झालं, म्हणून आधी ते सांगतो.

माझं कराडला पॅकिंग मटेरियलचं दुकान. डिलिव्हरीला जुनी ओम्नी. एकदा चिपळूणहून माल भरून परत येताना कुंभार्ली घाटात गाडीने दम सोडला. म्हणजे इंजिन जोरात ओरडतंय, पण गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर सरकतेय. वर जळका वास. हेळवाकला पोचेपर्यंत देव आठवले. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला लावली, तीन दिवसांनी नवा क्लच बसवून मिळाली, साडेपाच हजार रुपये दिले. महिन्याभरात परत तेच! नवी कोरी प्लेट, आणि चढाला पुन्हा इंजिन ओरडतंय. आता का, ते शेवटी सांगतो. आधी क्लच समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

इंजिनच्या टोकाला एक जड चकती फिरत असते, ती फ्लायव्हील. तिच्यासमोर क्लच प्लेट, आणि त्या प्लेटला फ्लायव्हीलवर आवळून धरणारी प्रेशर प्लेट. तुम्ही पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि इंजिनचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. पेडल सोडलं की पुन्हा पकड. बस, एवढंच. ही पकड घासणीवर चालते, त्यामुळे प्लेट झिजणारच, जसा ब्रेक लायनर झिजतो तसा. प्लेट झिजली की घसरायला लागते. याला सगळे "क्लच स्लिप होतोय" म्हणतात.

स्लिप ओळखायची खरी जागा चढ. गाडीत माल असताना, वरच्या गिअरमध्ये, साधारण चाळीसच्या वेगाने चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज एकदम वर गेला आणि काटा जागचा हलला नाही, तर क्लच घसरतोय. ओम्नी, मारुती आठशे अशा गाड्यांत इंजिनचे फेरे दाखवणारा काटाच बहुतेक वेळा नसतो, त्यामुळे कानावर भरवसा ठेवायचा. रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर बघू नका, अर्धवट झिजलेला क्लच तिथे पकडला जाणार नाही. सेकंडहँड गाडी दाखवणारा तुम्हाला नेमकी तशीच ट्रायल देतो, हे लक्षात ठेवा.

अजून एक प्रयोग आहे, मोकळ्या सपाट जागेत करायचा. पुढे-मागे माणूस नको. हँडब्रेक घट्ट ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा किंवा चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट पार गेलीय. पण बंद पडलं म्हणून क्लच चांगला, असा उलटा अर्थ काढू नका. आणि हे एकदाच करा, सारखं करून असलेली प्लेट जाळू नका.

आता सर्वात महत्त्वाचा भाग, तो म्हणजे गाडी ओढत नाही याचं कारण क्लच असेलच असं नाही. फरक सोपा आहे. क्लच स्लिप होत असेल तर इंजिन फेरे घेतं, गाडी घेत नाही. पण इंजिनच दबल्यासारखं वाटत असेल, आवाजच चढत नसेल, तर एअर फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर, प्लग बघा. ब्रेक जाम असला तरी गाडी जड लागते. तेव्हा थोडं चालवून चाकाजवळ हात न्या (टेकवू नका, भाजेल), एकच चाक तापलेलं कळतं. सपाटावर न्यूट्रल करून ढकलून बघितलं तरी समजतं.

क्लचच स्लिप होतोय असं ठरलं, तरी लगेच प्लेटवर जाऊ नका. केबलवर चालणाऱ्या जुन्या गाडीत आधी पेडलचा प्ले बघा. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबा. सुरुवातीला थोडं सैल जातं आणि मग कडक लागतं. ते जे सैल अंतर, तो प्ले. किती हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. अशा छोट्या गाड्यांत ढोबळमानाने दोन सेंटीमीटरच्या आसपास. प्लेट जशी झिजते तसा हा प्ले कमी होत जातो आणि एक दिवस संपतो. प्ले संपला म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग क्लचला थोडं दाबूनच ठेवतंय. मग चांगली प्लेटसुद्धा घसरते आणि घसरून जळते. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला एक नट असतो, तो थोडा सैल केला की प्ले परत येतो. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर स्लिप थांबला तर तुमचे पैसे वाचले, निदान काही महिन्यांसाठी. प्ले बरोबर असूनही स्लिप होतोय, तर मात्र गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवा.

हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत हा नट बहुतेक नसतो. तिथे डबीतलं ऑइल कमी झालंय का, पेडलच्या मागे किंवा खाली ओल दिसते का, ते बघा.

उलटी तक्रारही येते. पेडल पूर्ण दाबूनही पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकरतो. लोक यालाही "क्लच गेला" म्हणतात, पण इथे क्लच पकडत नाही असं नसून तो सुटत नाहीये. केबल ताणून लांब झाली, प्ले फार वाढला, हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली, अशी कारणं आधी तपासायची. केबलच्या तारा तुटायला लागल्या असतील तर नवी टाकाच. मी गाडीत एक जादा केबल ठेवतो, कारण ती तुटते तेव्हा तुम्ही हमखास गॅरेजपासून लांब असता.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटला तेल लागलेलं असू शकतं, फ्लायव्हील तापून डाग पडलेले असू शकतात, किंवा नुसतं इंजिन माउंटिंगही बसलेलं असू शकतं.

आता माझी गोष्ट. दुसऱ्यांदा गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने गिअरबॉक्स उतरवून मला बोलावलं आणि प्लेट हातात दिली. जेमतेम महिन्याची प्लेट, पण तेलाने काळी. फ्लायव्हीलच्या मागे इंजिनचं ऑइल सील असतं, ते गळत होतं. म्हणजे पहिल्या वेळी प्लेट झिजून गेलीच नसणार, ती तेलात भिजून घसरत होती. ते सील माझ्या एका वेळच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं. पहिल्या वेळी सगळं उघडं असताना ते बदललं असतं तर जादा मजुरी शून्य! तीन दिवस उभी गाडी, वर भाड्याचा टेम्पो, परत सेट, परत मजुरी. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो, पण त्या बिलाकडे बघताना ते काही उपयोगी पडलं नाही.

चूक माझीही होती. जुनी प्लेट मी मागितलीच नव्हती. आता गिअरबॉक्स उतरला की गाडी जोडण्याआधी मला फोटो हवा, हे आधीच सांगून ठेवतो. फोटोत काय बघायचं? प्लेटचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलंय का. आलं असेल तर ती रीतसर झिजलीय. अस्तर जाड शिल्लक आहे पण काळं-ओलं आहे, तर तेल कुठून आलं ते शोधल्याशिवाय नवी प्लेट लावू द्यायची नाही. इंजिन ऑइल काळं असतं, गिअर ऑइल घट्ट आणि उग्र वासाचं. त्यावरून कुठलं सील गेलं त्याचा अंदाज येतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खाचा दिसल्या तर ते लेथवर घासून घेता येईल का विचारा.

आणि प्लेट बदलायचीच असेल तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदला. नुसती प्लेट टाकून हजार-पंधराशे वाचवायचा मोह होतो. पण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, भागांची नाही. उद्या बेअरिंग वाजलं की तोच गिअरबॉक्स परत उतरणार.

आमची दुसरी प्लेट अजून टिकून आहे. एक गोष्ट मात्र त्या मिस्त्रीने माझ्या मुलासमोर, म्हणजे दुकानातल्या ड्रायव्हरसमोर सांगितली, "क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतोस ना?" तो हसला आणि खाली बघायला लागला. त्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसलो की रस्त्याकडे कमी आणि त्याच्या डाव्या पायाकडे जास्त बघतो.