रंग ओळखणारे नुक्ते

भडगावच्या बाजारातून घरी आणलेली तुरीची डाळ तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? त्यात काळा दाणा क्वचितच सापडतो. पूर्वी घरोघरी बायका सुपात डाळ घेऊन निवडत बसत. आता जळगावच्या डाळ मिलमध्ये हे काम यंत्र करते. लोक त्याला ‘सॉर्टेक्स’ म्हणतात. दाणे उतरत्या पत्र्यावरून घसरत खाली येतात. वाटेत कॅमेरा त्यांचा रंग पाहतो. दाणा खराब असला, की हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते!

पण कॅमेऱ्याला रंग कळतो कसा? खरे सांगायचे, तर त्यातील सिलिकॉनचा प्रकाश-संवेदक रंगांधळाच असतो. प्रकाश किती आला, एवढेच त्याला कळते. म्हणून त्याच्यावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या अगदी बारीक गाळण्या बसवतात. तिन्हींतून किती प्रकाश आला, हे मोजून यंत्र रंग ठरवते.

यात एक उणीव आहे. टीव्हीच्या पडद्यावरील पिवळ्या भागावर भिंग धरून पाहा. तुम्हाला तांबडे आणि हिरवे ठिपके दिसतील. दोन्ही मिळून आपल्याला पिवळा रंग भासतो. म्हणजे दोन पिवळे रंग डोळ्याला सारखे दिसले, तरी त्यांतील प्रकाश वेगळा असू शकतो. हे महत्त्वाचे का? काही लबाड व्यापारी डाळीला किंवा हळदीला मेटॅनिल यलो नावाचा, खाण्यास मनाई असलेला रंग लावतात. असा रंग नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. त्यासाठी प्रकाशाचे तीन नव्हे, अनेक भाग करून पाहावे लागतात. हे काम करणाऱ्या यंत्राला वर्णपटमापी म्हणतात. प्रयोगशाळेतील चांगला वर्णपटमापी मोठा आणि महाग असतो.

येथे क्वांटम बिंदू उपयोगी पडतात. बिंदूला उर्दूत आपण नुक्ता म्हणतो. ‘बे’च्या खाली एक नुक्ता, ‘ते’वर दोन, ‘से’वर तीन. रेघ तीच, पण नुक्ते बदलले की अक्षर बदलते. क्वांटम बिंदूंची गंमत याहून मोठी आहे. पदार्थ तोच ठेवून बिंदू लहान-मोठा केला, की त्याचा रंगच बदलतो!

हे बिंदू म्हणजे अर्धवाहक पदार्थाचे इवलेसे स्फटिक. त्यांची रुंदी फक्त काही नॅनोमीटर असते. एका मीटरचे एक अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. सतारीची तार आखूड धरली की सूर चढतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. तसेच, लहान बिंदूत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला उडी मारायला जास्त ऊर्जा लागते. म्हणून लहान बिंदू निळ्या बाजूचा प्रकाश शोषतो. मोठा बिंदू तांबड्यापर्यंतचा प्रकाश शोषतो.

2015 साली जिये बाओ आणि माँजी बावेंडी या शास्त्रज्ञांनी 195 प्रकारच्या बिंदूंचे पातळ थर कॅमेऱ्याच्या संवेदकावर बसवले. तीन गाळण्यांऐवजी 195! प्रत्येक थर थोडा वेगळा प्रकाश अडवतो. सर्व मापांवरून संगणक पूर्ण वर्णपट काढतो. जेमतेम नाण्याएवढा वर्णपटमापी तयार झाला. बावेंडी यांचे वडील ट्युनिशियाचे गणितज्ञ होते. क्वांटम बिंदूंवरील कामासाठी बावेंडी यांना लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांच्यासह 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही पुणे विद्यापीठात प्रा. सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1990 नंतरच्या दशकात झिंक सल्फाइडचे असे सूक्ष्म कण तयार केले होते.

एक अडचण मात्र आहे. अनेक चांगले क्वांटम बिंदू कॅडमियमपासून बनतात आणि कॅडमियम विषारी आहे. डाळ तपासणाऱ्या यंत्रातच विष असणे कोणाला आवडेल? त्यामुळे इंडियम फॉस्फाइडसारख्या पदार्थांचे बिंदू बनवण्यावर आता भर दिला जात आहे.