रिकामा दिसणारा तळ

हॅलोफिला डेसिपिएन्स या सागरी गवताचं पान जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचं, वल्ह्याच्या आकाराचं असतं. काठाला बारीक दाते, पेऱ्यापेऱ्यावर पानांची जोडी, आणि पातळपणा असा की उजेड आरपार जावा. हे शेवाळ नव्हे. मूळ, खोड, फूल, बी असलेली ही वनस्पती आहे. ती थोडक्या उजेडावर भागवते, म्हणून ५० मीटरहून खोल तळावरही सापडली आहे. डुगाँग हा सागरी सस्तन प्राणी आणि हिरवं कासव अशा गवतावर चरतात. ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात तिची कुरणं वर्षातले काही महिने दिसेनाशी होतात. त्या दिवसांत पाहणी केली तर नुसती वाळू दिसेल. पुढच्या हंगामाचं बी मात्र त्याच वाळूत पडून असतं. तळ रिकामा दिसतो म्हणून तो रिकामा असतोच असं नाही, हे समुद्र बुजवून वाढलेल्या मुंबईने मनावर घ्यायला हवं.

गिरगाव-वरळीचं पाणी गढूळ; इथे असं कुरण शोधण्यात अर्थ नाही. पण उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल गेली की हाजी अलीचे खडक उघडे पडतात आणि कालवं, खेकडे, समुद्रफुलं, प्रवाळ दिसू लागतात. भरतीला तिथे फक्त पाणी असतं. किनाऱ्यालगत भराव टाकून बांधलेल्या मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवल्या गेल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, म्हणून त्यांची मोजदाद झाली. त्या खडकांवरच्या ज्या जिवांची नावं अनुसूचीत नव्हती, त्यांना हे संरक्षण नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, लाखोंच्या प्रवासापुढे चौरस मीटरभरही न भरणाऱ्या प्रवाळांचं काय कौतुक? रस्त्याची गरज खरी आहे. पण प्रवाळांचं क्षेत्रफळ म्हणजे अधिवासाचं क्षेत्रफळ नव्हे. गवत पुन्हा उगवतंच, असंही म्हणता येईल. मात्र बी असलेली वाळूच उपसली किंवा भरावाखाली गेली, तर उगवणार कुठून? तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात डुगाँगसाठी ४४८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र राखलं, ते प्राण्याबरोबर त्याचं कुरणही वाचावं म्हणून. मुंबईतही पुढचा भराव टाकण्याआधी वर्षभर, प्रत्येक हंगामातल्या उधाणाच्या ओहोटीला, त्या तळाची नोंद व्हावी. एका दिवसाच्या पाहणीवर समुद्राचा कुठलाही तुकडा ओसाड ठरवू नये.