पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या : घेण्यापूर्वी हे वाचा

श्रावण लागला की आम्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एका ठरावीक गोळीची मागणी वाढते. मंगळागौर, गौरी-गणपती, नवरात्र आणि पुढे लग्नसराई. ‘तारीख नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी येतेय, काहीतरी द्या,’ असे सांगत बायका येतात. पुष्कळजणी तर येतही नाहीत. जाऊबाईंकडची उरलेली पट्टी घेतात किंवा दुकानातून परस्पर आणतात. खरे तर ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. तो का, हे आज समजून घेऊ.

गोळी काम कशी करते?

पाळीच्या उत्तरार्धात बीजकोषातून प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, तयार होते. ते गर्भाशयाचे आतील अस्तर टिकवून धरते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी हे संप्रेरक कमी होते, अस्तर सुटते आणि पाळी येते. पाळी लांबवण्यासाठी बहुधा दिली जाणारी नॉरएथिस्टेरॉन ही गोळी प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करते. गोळी सुरू आहे तोवर अस्तर टिकते; बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते.

नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा अशी असते. ती अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. अंगावर जाऊ लागल्यावर घाईने घेतलेल्या गोळीचा भरवसा नसतो. एखादी वेळ चुकली तर मध्येच डाग दिसू शकतो. आणि एक महत्त्वाचे : या गोळीने पाळी लांबते, पण अशा रीतीने घेतल्यास ती गर्भनिरोधक नव्हे. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्यावी.

धोका कोणाला?

निरोगी स्त्रीने वर्षातून एखाद्या वेळी आठ-दहा दिवस ही गोळी घेतली, तर सहसा मोठा अपाय होत नाही. मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणे, स्तन दुखणे, चिडचिड असे त्रास काहींना होतात व गोळी थांबवल्यावर जातात. खरी काळजी वेगळीच आहे. या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतल्यास हे इस्ट्रोजेन जवळजवळ एका नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीइतके होते. त्यामुळे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पस्तिशीची एक बाई आली. घरात आधी लग्न, मग देवदर्शनाचा बेत, म्हणून तिने सलग वीस दिवस गोळ्या घेतल्या होत्या. त्यात रात्रभर एस.टी.चा प्रवास. उतरली तेव्हा डावी पोटरी सुजून घट्ट झाली होती. ‘प्रवासाने सूज आली असेल,’ असे म्हणून घरच्यांनी दोन दिवस तेल चोळले. सोनोग्राफीत गुठळी निघाली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी ती बरी झाली. पुढे विचारता कळले, तिच्या आईलाही बाळंतपणानंतर असाच त्रास झाला होता. हा प्रश्न गोळी देण्यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून पुढीलपैकी काहीही असेल तर ही गोळी परस्पर घेऊ नका :
• स्वतःला किंवा आई, वडील, भावंडांना गुठळीचा त्रास झालेला असणे
• यकृताचा विकार, स्तनाचा कर्करोग, हृदयविकार किंवा अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला असणे
• डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी
• कारण न समजलेला रक्तस्राव
• फार लठ्ठपणा, धूम्रपान, नुकतेच झालेले बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया

अशा काही स्त्रियांना इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारे दुसरे औषध देता येते, पण तो निर्णय तपासणीनंतरचा. गोळ्या चालू असताना एका पायाला सूज व दुखणे, धाप, छातीत कळ, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा नजर अंधुक होणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ रुग्णालय गाठा.

मैदानावरच्या मुली

कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या आयाही स्पर्धेआधी गोळी मागतात. पाळीत खेळल्याने शरीराला इजा होत नाही. मीराबाई चानू २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाळीच्या तिसऱ्या दिवशी वजन उचलत होती. तिने ते स्वतःच पत्रकारांना सांगितले. तिचे पदक थोडक्यात हुकले आणि ती चौथी आली. तेव्हा अशक्तपणा जाणवत होता, हे सांगण्यातही तिने कमीपणा मानला नाही. फार त्रास होणाऱ्या खेळाडूने दोन-तीन महिने आधी सल्ला घ्यावा. सामन्याच्या आठवड्यात नवी गोळी सुरू करू नये. आणि सरावामुळे तीन महिने पाळीच आली नाही, तर ‘बरे झाले’ म्हणू नका. मुलीचे खाणे कष्टाला पुरत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि त्याची किंमत हाडांना मोजावी लागते.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

माझ्या खोलीत गोळी मागणारी बहुधा सून असते. पण ‘तुला स्वतःला हवी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर शेजारी बसलेल्या सासूबाई देतात. श्रद्धा ज्याची त्याची, त्यात डॉक्टरने पडू नये, हे मला मान्य आहे. कोणाला मनापासून पूजा करायची असेल, तर मी तपासून गोळी देते. मात्र चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच विटाळाच्या कल्पनेला अभंगातून प्रश्न विचारला होता, हेही आपलेच आहे. ज्या अस्तरावर गर्भ रुजतो, तेच अस्तर पाळीत बाहेर पडते. त्यात अपवित्र असे काही वैद्यकाला सापडलेले नाही.

एवढे करा : वर्षातून अनेकदा गोळ्या घेऊ नका, दुसऱ्याच्या पट्टीतील घेऊ नका, तारखेच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. आणि सुनेची प्रकृती साथ देत नसेल, तर त्या वर्षी गौरीचा नैवेद्य घरातील दुसऱ्या कोणी दाखवावा. लेकाने दाखवला तरी चालेल.