कॅटलोनियाचे मानवी मनोरे

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात माणसांच्या खांद्यांवर माणसे उभी राहून ‘कास्टेल’ नामक मनोरे रचतात. वाल्स गावी रुजलेल्या या प्रथेस २०१० साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारसा यादीत स्थान मिळाले. शिखरावरील मूल हात उंचावते, तेव्हा मनोरा रचला गेला असे मानतात. परंतु सर्व जण सुखरूप उतरले तरच यश पूर्ण ठरते. तळाशी परस्परांना बिलगलेली शेकडो माणसे मनोऱ्यास आधार देतात, कोसळणाऱ्यास झेलतातही. पूर्वी हा पुरुषांचाच प्रांत होता. १९८०च्या दशकात स्त्रियांचा सहभाग वाढला; मनोरे हलके झाले. १९९८ साली दहा थर रचले गेले. वगळलेल्यांना सामावून घेतल्यानेच समाजाची उंची वाढते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.